नव्यानें जागा घेणाऱ्या शेतकऱ्यांस चार शब्द

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या संघाचे एक जुने सभासद आपल्या धाकट्या बंधूंसह आमच्या कचेरींत आले. त्यांची वडिलोपार्जित बागाईत जमीन रस्त्याच्या कामांत गेली होती व तिचा मोबदला बँकेंत जमा होऊन फार दिवस झाले नव्हते. तालुक्याच्या गांवाबाहेर पांच गुंठ्यांचा एक प्लॉट त्यांनीं पाहिला होता, पांच लक्ष रुपये विसार देऊन ते मोकळे झाले होते, आणि आतां आम्हांस एवढेंच विचारावयास आले होते कीं, भाव वाजवी आहे कीं नाहीं. विसारपावती त्यांनीं टेबलावर ठेविली. दोन साक्षीदारांच्या सह्यांची, पण नोंदणी न झालेली ती पावती वाचून आम्हीं सातबारा मागितला. तो त्यांनीं आणला नव्हता. "एजंटाच्या मोबाईलवर पाहिला आहे, साहेब," असें धाकटे बंधू म्हणाले.

हेच गृहस्थ बैल घ्यावयास निघाले म्हणजे तीन बाजार पालथे घालतात. दांत पाहतात, खूर पाहतात, नांगराला जुंपून दोन तासें काढून दाखव म्हणतात. शेत घ्यावयाचें तर ढेकूळ फोडून पाहतात, आणि पावसाळ्यांत पाणी कोठें साचतें हें विकणारास न विचारतां शेजाऱ्यास विचारतात. अशा माणसानें आयुष्यांतील सर्वांत मोठी खरेदी एका दुपारीं ठरवावी, याचें कारण काय? आमच्या मतें याचें कारण अज्ञान नसून एक प्रकारचें ज्ञानच आहे. शेतकऱ्यास वाटतें कीं, जमीन आपणांस कळते. ती त्यास खरोखर कळते. पण शहराच्या कडेची जागा घेतांना तो माती घेत नसतो. तेथें जें विकलें जातें तो हक्क होय, आणि हक्क ढेकळासारखा हातांत घेऊन फोडून पाहतां येत नाहीं.

हा विषय आजच काढण्याचें कारण उघड आहे. एकट्या मुंबई-नागपूर समृद्धि महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. तो दहा जिल्ह्यांतून जातो आणि डिसेंबर २०२२ पासून जून २०२५ पर्यंत टप्प्याटप्प्यानें तो वाहतुकीस खुला झाला. त्याखेरीज दुसरे रस्ते, धरणें, औद्योगिक वसाहती आहेतच. यामुळें ज्या घरांत पूर्वीं कधीं एकरकमी पैसा आला नव्हता त्या घरांत तो आला, आणि तो आल्याची बातमी टपाल येण्यापूर्वीं दलालांस कळली. हा पैसा पिकाच्या पैशासारखा नव्हे. पीक बुडालें तर पुढल्या सालीं पेरतां येतें. हा पैसा म्हणजे जमीनच रूप पालटून आलेली असते, आणि ती दुसऱ्यांदा येत नाहीं.

प्रथम विसारपावतीविषयीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें विक्रीचा नुसता करार झाल्यानें जागेंत घेणाराचा कोणताहि हक्क उत्पन्न होत नाहीं. हक्क नोंदलेल्या खरेदीखतानें येतो. साठेखत झालें, ताबा मिळाला, कुलमुखत्यारपत्र लिहून दिलें, म्हणजे जागा आपली झाली असें समजणारे लोक आजहि आढळतात. कुलमुखत्यारपत्राच्या आधारें झालेली विक्री ही विक्रीच नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. विसार द्यावाच लागतो, हें आम्हांस मान्य आहे. पण तो कागद पाहून झाल्यावर द्यावा, चेकानें द्यावा, आणि कागदांत दोष निघाल्यास किती दिवसांत परत मिळेल हें पावतींतच लिहून घ्यावें. आमच्या सभासदांच्या पावतींत उलट असें लिहिलें होतें कीं, तीन महिन्यांत खरेदी न झाल्यास विसार बुडाला असें समजावें. दोष कोणाचा, याविषयीं एक अक्षरहि नव्हतें.

आतां सातबारा. तो म्हणजे मालकीची सनद आहे, ही समजूत आपल्या लोकांत इतकी खोल गेली आहे कीं तिच्याविरुद्ध बोलणें धाडसाचें वाटतें. सातबाऱ्यावरील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, एवढेंच जमीन महसूल कायदा सांगतो. फेरफाराच्या नोंदीनें मालकी मिळत नाहीं कीं जात नाहीं, ती नोंद महसुलापुरती असते, असें न्यायालयांनीं वारंवार सांगितलें आहे. तेव्हां सातबाऱ्यावर विकणाराचें नांव आहे एवढ्यानें भागत नाहीं. तें नांव तेथें कसें आलें, हें पाहावें लागतें. नांवाशेजारीं जो अंक असतो तो फेरफाराचा क्रमांक होय. तो धरून गांव नमुना सहा पाहावा, म्हणजे ती जमीन त्यास खरेदीनें आली, वारसानें आली कीं वाटणीनें आली हें कळतें. त्या फेरफारांत त्याच्या आधीचा क्रमांक मिळतो. असें मागें मागें जात निदान तीस वर्षांपर्यंत पोंचावें. दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील सूची क्रमांक दोनचा शोध वकिलामार्फत तेवढ्याच वर्षांचा घ्यावा. या कामास चार-आठ दिवस लागतात. "आजच बयाणा दिला नाहीं तर उद्यां दुसरें गिऱ्हाईक उभें आहे," असें जो म्हणतो त्याला हे आठ दिवसच नको असतात.

सातबाऱ्याच्या वरच्या भागांत भूधारणा पद्धति लिहिलेली असते. तेथें 'भोगवटादार वर्ग २' असें असल्यास ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं, आणि तशी विकली गेल्यास सरकारजमा होण्याचें भय असतें. 'इतर हक्क' या रकान्याकडे तर बहुतेक खरेदीदार ढुंकूनहि पाहत नाहींत, आणि सर्व विंचू त्याच दगडाखालीं असतात. तेथें बँकेचा किंवा विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा असतो. कुळाचें नांव असतें. विहिरींतील हिस्सा, पाट, वाट यांची नोंद असते. कधीं एखाद्या दाव्याचा उल्लेख असतो. कुळकायद्यानें मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ ची अट असते. हा कायदा पश्चिम महाराष्ट्रांत १९४८ चा, मराठवाड्यांत १९५० चा व विदर्भांत १९५८ चा, असा तीन प्रकारचा आहे. १९४८ च्या कायद्यांत २०१४ सालीं सुधारणा होऊन, खरेदीच्या प्रमाणपत्रास दहा वर्षें झालीं असल्यास आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून जमीन विकण्याची मोकळीक झाली. पण ती रक्कम भरली आहे याची पावती व त्याचा फेरफार पाहिल्याखेरीज "आतां ती अट राहिली नाहीं" हें विकणाराचें म्हणणें ऐकूं नये. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीनें घेणें हें महसूल कायद्याच्या कलम ३६-अ नें निर्बंधित आहे आणि त्यास जिल्हाधिकाऱ्याची परवानगी व शासनाची पूर्वमान्यता लागते. देवस्थान इनामाच्या जमिनीच्या वाटेस तर जाऊंच नये. शहराजवळ स्वस्त मिळणारी जमीन पुष्कळदां अशांपैकींच एखादी असते. ती स्वस्त कां आहे हें त्या रकान्यांत लिहिलेलें असतें.

आमच्या सभासदांस सातबारा काढून आणावयास सांगून आम्हीं परत पाठविलें. डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो, त्यामुळें दुसऱ्याच दिवशीं ते आले. जमीन वर्ग १ ची निघाली, बोजा कांहीं नव्हता. एजंटानें खोटें सांगितलें नव्हतें. नांवें मात्र दोन भावांचीं होतीं, आणि तीं वडिलांच्या मृत्यूनंतर १९९८ सालच्या वारस-फेरफारानें लागलेलीं होतीं. आम्हीं विचारलें, "यांना बहीण नाहीं काय?" थोरले बंधू म्हणाले, "आहे कीं. परभणीकडे दिली आहे. तिचा काय संबंध?"

तिचा संबंध असा. हिंदु वारसा कायद्यांत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी ही मुलाप्रमाणेंच जन्मतः सहदायाद झाली, आणि त्या दिवशीं बाप हयात असला पाहिजे असें नाहीं, हा वाद सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं मिटविला. आपल्या राज्यानें १९९४ सालींच अविवाहित मुलींपुरता असा कायदा केला होता. वडिलांच्या स्वतःच्या वांट्यांत तर मुलीचा हिस्सा १९५६ पासूनच आहे. २० डिसेंबर २००४ च्या पूर्वीं नोंदलेल्या दस्तानें किंवा न्यायालयाच्या हुकुमानें झालेली वाटणी यांतून सुटते. पण "आमची तोंडीं वाटणी झाली होती" हें म्हणणें न्यायालय सहसा मानीत नाहीं. वारस-फेरफार करतांना बहिणींचीं नांवें गाळण्याची चाल आपल्याकडे सर्रास होती. त्यांपैकीं कित्येक बहिणींनीं कधीं तोंड उघडलें नाहीं; परंतु गुंठ्याचा भाव लाखांत गेल्यावर त्यांचीं मुलें उघडतात, आणि आमच्या मतें तीं कांहीं गैर करीत नाहींत. दावा लागला म्हणजे विकणारा पैसे घेऊन बाजूस होतो व कोर्टाची पायरी घेणारा चढतो. म्हणून बहीण स्वतः खरेदीखतावर सही देते किंवा तिचें नोंदलेलें हक्कसोडपत्र आहे, यांपैकीं एक तरी पाहिजे. साध्या कागदावरील संमतिपत्राचा उपयोग नाहीं. वर्तमानपत्रांत हरकतींसाठीं जाहीर नोटीस देतात तीहि विकणाराच्या गांवीं आणि नात्यांत जें पत्र वाचलें जातें त्यांत द्यावी; कोणी वाचूं नये म्हणून निवडलेल्या पत्रांतील नोटिशीनें कोणाची झोंप मोडत नाहीं.

हें आम्ही सांगत असतां थोरले बंधू गप्प झाले. त्यांस दोन बहिणी आहेत हें आम्हांस ठाऊक होतें. रस्त्याच्या मोबदल्याविषयीं त्यांस कळविलें काय, असें आम्हीं विचारलें नाहीं. पण विचारल्यासारखेंच झालें.

वाटेविषयीं आम्ही ऐकीव गोष्ट सांगत नाहीं, घरची सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्हीं एक शेत घेतलें. माती काळी, विहीर बारमाही, कागद चोख. शेतांत जाण्याची बैलगाडीची वाट विकणाराच्या चुलतभावाच्या बांधावरून होती आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. खरेदी झाली त्याच सालीं पहिल्या पावसांत त्या चुलतभावानें बाभळीच्या काट्या टाकून ती बंद केली. त्याचें म्हणणें सरळ होतें: वाट माझ्या भावासाठीं होती, तुमच्यासाठीं नव्हे. वहिवाटीच्या वाटेस अडथळा झाल्यास तो दूर करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ प्रमाणें तहसीलदारास आहे, व वाटच नसेल तर महसूल कायद्याच्या कलम १४३ खालीं बांधावरून वाट मागतां येते. आम्ही दोन्ही गोष्टी मागितल्या. वाट मिळाली, मिळेपर्यंत दोन हंगाम गेले, आणि खताचीं पोतीं डोक्यावरून वाहून नेतांना शेजारचे लोक आम्हांकडे कोणत्या नजरेनें पाहत हें अद्याप आठवतें. कागदावर वाट नसेल तर डोळ्यांस दिसणाऱ्या वाटेवर विसंबूं नये. प्लॉटच्या बाबतींत हें शंभरपट खरें आहे, कारण तेथें रस्ता नसला तर घरच बांधतां येत नाहीं.

आणि येथेंच आमच्या सभासदांच्या प्लॉटची खरी गोष्ट उघडकीस आली. तो गट बरोबर एक एकराचा होता. एजंटानें त्यांत पांच-पांच गुंठ्यांचे आठ प्लॉट पाडले होते. आम्हीं थोरल्या बंधूंस म्हटलें, "आठ पंचे चाळीस. एकराचे गुंठे किती?" ते म्हणाले, "चाळीस." मग क्षणभर थांबून त्यांनीं स्वतःच विचारलें, "मग रस्ता कोठून?" रीतसर मंजूर झालेल्या रेखांकनांत रस्ते असतात आणि चार हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या जमिनींत दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. रस्त्यांस पांचवा हिस्सा गेला असें धरलें तरी एकरांतील २८ गुंठेच विकावयास उरतात. जो सबंध चाळीस विकतो तो एकतर रस्ता विकतो किंवा नकाशाच त्याजवळ नसतो. येथें नकाशा नव्हताच. चुन्याच्या रेघा होत्या आणि सिमेंटचे खुंट होते. सरकारी मोजणीची 'क' प्रत मागितली तेव्हां एजंटानें एक रंगीत पत्रक पाठविलें. त्यावर कारंजें काढलेलें होतें.

जमीन अकृषिक झालेली नव्हती. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे, आणि ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र बागाइतास दहा गुंठे व जिराइतास वीस गुंठे असें ठरलें आहे. त्याहून कमी शेतजमिनीची खरेदी करावयाची असेल तर रेखांकन मंजूर असावें लागतें. यांतून सुटण्यासाठीं दलालांनीं जी युक्ति काढली आहे तीच येथें सुचविली गेली होती: दुसऱ्या एका गिऱ्हाइकास जोडीस घेऊन दहा गुंठ्यांचें एकच खरेदीखत करावें व सातबाऱ्यावर दोघांचीं नांवें सामाईक लावावींत. म्हणजे ज्याचें तोंडहि पाहिलें नाहीं अशा माणसाशीं जन्माची भागीदारी! उद्यां त्यानें कर्ज काढलें, तो वारला, त्याच्या मुलांत भांडण लागलें, तर आपल्या पांच गुंठ्यांचें काय करावें? आपल्याच भावाशीं सामाईक सातबारा असणें म्हणजे काय असतें हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. जुने तुकडे-व्यवहार नियमित करण्यासाठीं बाजारमूल्याच्या पंचवीस टक्के भरावे लागत. २०२४ सालीं तें प्रमाण पांच टक्क्यांवर आणलें गेलें, आणि २०२५ मध्यें शहरी विभागांतील जुन्या तुकड्यांविषयीं आणखी सवलती जाहीर झाल्या. "सरकार पुढें सर्व नियमित करतेंच," असें एजंट याच्याच आधारावर सांगतात. पण सवलत मागल्या व्यवहारांस मिळत असते. उद्यांच्या व्यवहारास ती मिळेल असें वचन कोणीं दिलेलें नाहीं. खरेदीच्या आधीं दुय्यम निबंधकाच्या कचेरींत जाऊन त्या दिवशींचा नियम विचारावा.

मोठ्या योजनांतील प्लॉट घेणारांस २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा चांगला आधार आहे. योजनेची महारेरांत नोंदणी झाली आहे कीं नाहीं हें पाहावें. नोंदलेला करार केल्यावांचून किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास त्या कायद्यानें मनाई आहे. पांचशें चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीस किंवा आठपर्यंत घरांच्या योजनेस नोंदणींतून सूट आहे. आठ हा आंकडा एजंटाच्या डोक्यांत कोठून आला असेल, याचा तर्क वाचकांनीं करावा.

भावाची गोष्ट आम्हीं मुद्दामच मागें ठेविली, कारण वरील सर्व पाहिल्यावरच भावाला अर्थ येतो. दोनच मुद्दे मांडतों. एक असा कीं, निम्मे पैसे रोख देऊन खरेदीखतांत कमी किंमत लिहिण्याची चाल. मुद्रांक वाचतो, हें खरें. परंतु २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालीं मोबदला ठरवितांना सरकारी दरतक्त्याबरोबर आसपासच्या मागील तीन वर्षांच्या नोंदलेल्या विक्रीखतांची किंमत पाहिली जाते. आमच्या कित्येक सभासदांस मोबदला कमी मिळाला, तेव्हां त्यांनीं सरकारास दोष दिला. पण शेजारच्या गटांचीं खरेदीखतें काढून पाहिलीं तर त्यांत दहा लाखांची जमीन चार लाखांस लिहिलेली होती, आणि त्यांवर साक्षीदार म्हणून सह्या आपल्याच लोकांच्या होत्या. शिवाय व्यवहार फिसकटला तर रोख दिलेल्या पैशांविषयीं बोलावयास तोंड राहत नाहीं.

दुसरा मुद्दा वाढीचा. "दहा वर्षांत दुप्पट झाली" असें कोणी सांगितलें म्हणजे ऐकणाराचे डोळे विस्फारतात. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षास चक्रवाढीनें सुमारें ७.२ टक्के. पोस्टाचें किसान विकास पत्र २०२३ सालीं ठरलेल्या दराप्रमाणें ११५ महिन्यांत, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोड्या अधिक काळांत, दुप्पट होत होतें. त्यास मुद्रांक नाहीं, दलाली नाहीं, कुंपण नाहीं, आणि त्यावर कोणी रात्रींत खुंट हलवीत नाहीं. प्लॉटवर स्थळपरत्वें चार ते सात टक्के मुद्रांक जातो, नोंदणीची फी वेगळी जाते, आणि विकावयाच्या वेळीं गिऱ्हाईक मिळेलच असें नसतें. प्लॉट घेऊंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. मुलाबाळांस तालुक्याला राहण्यास घर पाहिजे असेल तर तो अवश्य घ्यावा. पण ज्याचें पोट शेतीवर आहे त्यानें मोबदल्यांतून प्रथम शेताच्या बदल्यांत शेत पाहावें, मग घर पाहावें, आणि भाव वाढण्याच्या आशेनें पडीक ठेवावयाची जागा सर्वांच्या शेवटीं पाहावी. मोबदल्यावरील व पुढील विक्रीवरील कराविषयीं जाणत्या हिशेबनिसास खरेदीपूर्वींच विचारावें. त्यांत मुदती असतात व त्या टळल्या म्हणजे टळल्या.

आमच्या सभासदांनीं तो व्यवहार सोडला. थोरल्या बंधूंनीं संक्रांतीस दोन्ही बहिणींस माहेरीं आणून मोबदल्याचा कागद त्यांच्यापुढें ठेविला, असें आम्हांस नंतर समजलें; काय ठरलें तें आम्हीं विचारलें नाहीं. विसाराचे पांच लाख मात्र अद्याप परत आलेले नाहींत. वकिलानें नोटीस पाठविली आहे. धाकटे बंधू दर आठवड्यास बाजाराच्या दिवशीं एजंटाच्या दुकानावरून जातात. मागल्या खेपेस त्यास कुलूप होतें, आणि वरची पाटी काढून नेलेली होती.